उंबऱ्यावरचं माप

आमच्या गल्लीत लग्न ठरलं की दोन दारं वाजायची. याद्या करायला माझं आणि रीतभात सांगायला कलामावशींचं. मी नांदेडमधल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. प्रवेश, परीक्षा, येणारे पाहुणे, त्यांचं जेवण, हे सगळं वेळेवर जागेवर आणणं माझं रोजचं काम. त्यामुळे मांडववाला, आचारी, गाड्या, आहेर यांचं मला ओझं वाटत नाही. पण मुहूर्तमेढीला कोणती फांदी, घाणा भरताना मुसळाला काय बांधायचं, उष्टी हळद मुलीकडे कुणी न्यायची, या ओळींपुढे माझ्या कागदावर प्रश्नचिन्ह असायचं. ती प्रश्नचिन्हं घेऊन मी शेजारी जायची.

मावशी बहुतेक दारातच बसलेल्या असायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मूळच्या जळकोटकडच्या. लग्न होऊन नांदेडला आल्या, काका रेल्वेतून निवृत्त झाले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, पण बोलणं तिकडचंच राहिलं. आवाज असा की त्या बोलायला लागल्या की बँडवालाही आपोआप थांबायचा.

"बस माय. काय अडलं तुझं?" असं विचारायच्या आणि उत्तर द्यायला लागायच्या. मी लिहून घ्यायची. त्या मध्येच म्हणायच्या, "हे लिहू नको, हे फकस्त ध्यानात ठेव." मी तेही लिहायची.

मावशींना सगळे शकुन-अपशकुन पाठ होते. भरलेली घागर, रिकामी घागर, कोणत्या डोळ्याचं लवणं, मांडवाच्या कोणत्या खांबाला आधी हळद. पण त्यांना लोक बोलवायचे ते त्यासाठी नाही. शकुन माहीत असणाऱ्या बायका प्रत्येक घरात एकदोन असतातच, आणि त्या बहुतेक वेळा घर रडवून सोडतात. मावशींना बोलवायचे ते तोडग्यासाठी. काहीही विपरीत घडलं की मावशींकडे त्यावर उतारा तयार असायचा आणि तो इतक्या झटक्यात यायचा की माणसांना घाबरायला वेळच मिळायचा नाही.

गल्लीच्या टोकाच्या घरी मुलीच्या हळदीला फोटोवाल्याच्या दिव्याची तार कुणाच्या तरी पायात आली आणि देवकापुढचा कलश आडवा झाला. पाणी सगळं पाटावर. तो कलश त्या घरच्या नव्या सुनेनं मांडला होता. दोन म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग सासूनं बघितलं, आणि त्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे वाहायला लागले. तेवढ्यात मावशी ओरडल्या, "अगं बाई, गोदावरी चालत आली की घरात! पाच जणींनी पदर भिजवा पटापट. सूनबाई, तू पहिली, कलश तू मांडला न्हाईस का, तुझा मान!" पाच जणी खाली वाकल्या. पदर ओले झाले, हशा पिकला, हळद पुढे सरकली.

दुसऱ्या एका लग्नात अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक, अक्षता हातात, आणि नवरीचा मामा शिंकला. साधंसुधं नाही, माइकमधून सगळ्या मंगल कार्यालयाला ऐकू गेलं. वरमाई कडाडल्या, "एवढी पण कळ नाही निघाली?" बिचारा मामा तिकडे तोंड लपवायला जागा शोधत होता. मावशी पहिल्या रांगेतून उठल्या, पदराचं टोक नाकात घातलं आणि मामापेक्षा मोठी शिंक दिली. म्हणाल्या, "जोड शिंक! एकली वाईट, जोड लई चांगली. वाजवा!" बँडवाल्यानं वाजवलं.

त्या दिवशी परत येताना रिक्षात मी विचारलं, "मावशी, कलशाचं ते पाच पदरांचं खरंच आहे, की तुम्ही तिथल्या तिथं जुळवलं?"

"खरं-खोटं मला काय ठाव. पोरगी रडायची थांबली का न्हाई?"

"थांबली."

"मग झालं की."

एका शब्दाचं मात्र त्यांना वावडं होतं. लग्नघरात काही सांडलं, फुटलं, विझलं आणि कुणी विचारलं, "हे कुणी केलं?" की मावशी अंगावर जायच्या. "कुणी इचारायचं न्हाई. लग्नाच्या घरात 'कुणी' हा सवाल काढायचाच न्हाई." हे त्या इतक्या तळमळीनं बोलायच्या की समोरचा चपापायचा. मला वाटायचं, स्वभाव.

आणखी एक. बाकी कामं त्या इतरांना वाटून द्यायच्या, पण गृहप्रवेशाचं माप त्या दुसऱ्याला हात लावू द्यायच्या नाहीत. नवी सून घरात शिरताना उंबऱ्यावर धान्यानं भरलेलं माप ठेवतात आणि ती उजव्या पायानं ते आत लवंडते. धान्य आत सांडलं की लक्ष्मी आत आली. मावशी त्यासाठी स्वतःचं पितळी मापटं पिशवीतून न्यायच्या आणि माझ्या यादीत त्यांची एक मागणी कायम असायची, कणकेचा एक गोळा. मला वाटायचं दिव्यासाठी. पुढे एकदा जवळून बघितलं तेव्हा कळलं. सगळ्यांचं लक्ष वरातीकडे असताना मावशी तो गोळा मापट्याच्या बुडाखाली, बाहेरच्या बाजूनं दाबून बसवायच्या. माप किंचित आत झुकलेलं राहायचं. मग नवरीनं पाय हळू लावो की जोरात, ते आतच पडायचं. नवरी आत जाऊन पाटावर बसेपर्यंत मावशी लग्नातलं गोड खायच्या नाहीत. ती बसली की निवांत बुंदी मागायच्या.

हे सगळं मी मजेनं बघत होते. आमच्या अमोलच्या लग्नापर्यंत.

अमोल माझ्या दिराचा मुलगा. आम्ही वर राहतो, ते खाली. जाऊबाईंचे गुडघे दुखतात म्हणून कार्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. मुलगी धर्माबादची, शीतल. तिचे वडील मिरचीच्या व्यापारात. लग्न तिकडे, गृहप्रवेश इथे. एका दुपारी मावशी माझ्या स्वयंपाकघरात अक्षतांना कुंकू चोळत बसल्या होत्या आणि मी त्यांना धर्माबादहून येणाऱ्यांची नावं वाचून दाखवत होते.

"पाठराखीण म्हणून मुलीच्या वडिलांची आत्या येणार आहेत. रुक्मिणबाई."

नवरीसोबत सासरी येऊन दोन दिवस राहणारी वडीलधारी बाई म्हणजे पाठराखीण. तिचा मान मोठा. मी विचारणार होते की त्यांना साडी कोणत्या रंगाची घ्यायची. मावशींचे हात परातीत थांबले होते.

"आत्या म्हंजे भावाकडंच ऱ्हाते का ती?"

"हो. दिलं होतं म्हणे जळकोटकडं. पण नांदल्या नाहीत."

"नांदू दिलं न्हाई," मावशी म्हणाल्या. "मव्ही वहिनी हाय ती."

मग त्यांनी सांगितलं. परातीकडे बघत, एका सुरात.

मावशी तेव्हा परकर-पोलक्यात होत्या. मोठ्या भावाचं लग्न, या एकट्याच बहीण, म्हणजे करवली. वरात दारात आली की करवलीनं दार अडवायचं, भावाकडून "मुलगी देईन" असं कबूल करून घ्यायचं आणि मगच आत सोडायचं. त्याची त्यांना कोण हौस. आईनं माप ठेवायचं काम सांगितलं. त्या घराचा उंबरा दगडी, झिजून बाहेरच्या बाजूला उतरता झालेला. आई म्हणाली, "माप डुगडुगायलंय, खाली खापरीचा तुकडा लाव." वाजंत्री जवळ आलेली. कला तुकडा न लावताच दार अडवायला पळाली.

"वहिनीनं पाय नुसता टेकवला बग. नुसता. अन् माप भाईर गेलं. पायऱ्यावरून घरंगळत अंगणात. सगळी जवारी मातीत, कोंबड्या आल्या टिपायला. अन् पहिली मी वरडले. दारातच व्हते ना मी. वरडले, माप भाईर गेलं, लक्ष्मी भाईर गेली!"

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्याच महिन्यात आजोबा गेले. विहिरीची एक बाजू ढासळली. मग प्रत्येक गोष्टीत वहिनीचा पायगुण निघायला लागला. दूध नासलं, पायगुण. बैल बसला, पायगुण. गावात तिला पांढऱ्या पायाची म्हणायला लागले. पंचमीला माहेरी पाठवली ती परत आणलीच नाही. भावानं दुसरं लग्न केलं.

"लोक बोलायचे तव्हा आई मव्ह्याकडं बगायची, मी आईकडं. दोघीला ठाव व्हतं. दोघी गप."

"मावशी, तुम्ही लहान होतात."

"वरडायला ल्हान नव्हते. सांगायलाच ल्हान व्हते का?"

त्यांनी परात बाजूला सारली. म्हणाल्या, "आई गेली. दादाला सांगायची हिंमत झाली न्हाई. धर्माबाद काय लांब हाय का? मिरची आणायच्या निमित्तानं लई येळा गेले. तिचं घर बगून आले. दाराची कडी वाजवली न्हाई. आता तीच यायलीय. ह्या दारात. मला तिला सांगायचंय."

माझ्या डोळ्यांपुढे माझा कागद आला. वऱ्हाड, मुहूर्त, जाऊबाईंचा रक्तदाब, नव्या सोयऱ्यांचा रुसवा. मी म्हणाले, "आधी कार्य पार पडू द्या, मावशी. मग निवांत बोला."

"आई असती तर हेच म्हनली असती," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा कुंकू चोळायला लागल्या.

त्या वाक्यानं मला दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. तरी मी माझा शब्द मागे घेतला नाही. हेही इथं लिहायला हवं.

धर्माबादच्या लग्नाला मावशी आल्या नाहीत. "दार कोन मांडील?" म्हणाल्या. तिकडे मी रुक्मिणबाईंना पहिल्यांदा पाहिलं. उंच, वाळलेल्या, पाठीत वाकलेल्या. लग्नघरात सगळीकडे त्यांचा हात होता, भाजी निवडण्यात, पाहुण्यांच्या चहात, पण मांडवात त्या एकदाही आल्या नाहीत. अक्षता त्यांनी मांडवाबाहेरून टाकल्या. मी हात धरून आत न्यायला गेले तर म्हणाल्या, "इथूनच बरं दिसायलंय बाई." एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वय झालेल्या, उन्हातान्हात राबलेल्या बाईचे पाय, पण टाचा लहान मुलीसारख्या स्वच्छ, गुळगुळीत. शीतल मला म्हणाली, "आजी रोज वजरीनं पाय घासते. कुठं जायचं म्हणलं की जास्तीच."

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही नांदेडला पोचलो. गल्ली भरलेली. उंबऱ्यावर मापटं, मागे कुंकवाच्या पाण्याचं ताट, दारात जाऊबाई ओवाळायला. मावशी आत, भिंतीच्या आडोशाला. अमोल-शीतल पायरीवर आले आणि मागून रुक्मिणबाई थांबल्या.

"तुम्ही घ्या जोडप्याला आत. मी मागल्या दारानं येते."

"अहो, मागं दारच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "पाठराखिणीनं बरोबर यायचं असतं."

"नको बाई. मव्हा पाय चांगला न्हाई."

त्या हे अगदी सहज बोलल्या, जसं कुणी सांगावं की मला साखरेचा चहा चालत नाही. पण गल्लीतल्या बायांनी ऐकलं. कुजबुज सुरू झाली. जाऊबाई ताट हातात धरून माझ्याकडे बघायला लागल्या. नव्या घरी आल्या क्षणी शीतलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती वळून म्हणाली, "आजी, तू येणार नसलीस तर मीपण इथंच थांबते."

अशा वेळी सगळी गल्ली ज्या दिशेला बघते त्या दिशेला मीही बघितलं. मावशी आतून आल्या. तोडगा येणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या उंबऱ्याशी खाली बसल्या, मापट्याखाली बोटं घातली आणि कणकेचा गोळा काढून तळहातावर धरला.

"वहिनी, मी कला."

रुक्मिणबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. "कोन कला?"

"दत्तूदादाची भन."

म्हातारीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी फक्त पदर सावरला.

"हे बगा वहिनी." मावशींनी गोळा आतल्या बाजूनं लावला आणि एका बोटानं मापटं लोटलं. ते बाहेर पडलं, तांदूळ पायरीवर सांडले. बायकांच्या तोंडून "अगं आई" निघालं. मावशींनी ते उचललं, ओंजळीनं पुन्हा भरलं, गोळा बाहेरच्या बाजूनं लावला आणि लोटलं. ते आत पडलं. "जसं ठेवावं तसं पडतंय. पाय कुनाचाबी असू द्या. त्या दिवशी मी ठेवलं व्हतं. उंबरा उतरता व्हता. आई म्हनली खाली तुकडा लाव, मी लावला न्हाई. दार अडवायची घाई झालती मला. अन् मीच वरडले. तुमच्या पायाचं त्यात काई नव्हतं. कवाच नव्हतं."

रुक्मिणबाई मापट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे तुला तव्हाच ठाव व्हतं?"

"हाव."

"सासूबाईला?"

"हाव."

"अन् मी इतकी वर्सं मव्हे पाय घासले."

मावशी पायरी उतरून त्यांच्या पायाशी वाकल्या. रुक्मिणबाईंनी पाय मागे घेतले.

"ऊठ. हितं कामून सांगायलीस? हितं मला कोन वळखतंय? जितं मला पांढऱ्या पायाची म्हनले तितं सांग. त्या अंगनात. त्या मान्सात. तुज्या भावासमोर."

"सांगते."

"मला कसं कळावं, सांगितलंस का न्हाई ते?"

रुक्मिणबाई पुढे आल्या. त्यांनी मापटं स्वतः भरलं, गोळ्याशिवाय उंबऱ्यावर ठेवलं आणि शीतलला म्हणाल्या, "लाव पाय, अम्मा. कुटं जायचं तिकडं जाऊ दे त्याला."

शीतलनं पाय लावला. मापटं आडवं पडलं आणि उंबऱ्यावरच लोळलं. अर्धे तांदूळ आत, अर्धे बाहेर. सवयीनं बायांनी मावशींकडे बघितलं. या वेळी तोडगा आला नाही. रुक्मिणबाई ते तांदूळ ओलांडून, जोडप्याच्या मागोमाग, पुढच्या दारानं आत गेल्या.

त्या दोन दिवस आमच्याकडे राहिल्या. काकण सोडण्याच्या खेळात शीतलची बाजू घेऊन अमोलला खूप चिडवलं, पूजेला पुढे बसल्या. मावशी रोज यायच्या, चहा करायच्या. मावशींनी केलेला चहा रुक्मिणबाईंनी घेतला नाही. रागावून नाही. "ठेव तिथं," म्हणायच्या आणि तो तिथंच निवायचा. निघताना मी त्यांची ओटी भरली. मावशी फाटकाशी उभ्या होत्या. गाडीत बसताना रुक्मिणबाई मावशींना एवढंच म्हणाल्या, "फोन हाय शीतलच्या बापाकडं. नंबर घे तिच्याकडून."

त्याच लग्नसराईत मावशींच्या भावाच्या नातवाचं लग्न होतं. दत्तूदादांच्या घरी, त्याच गावात. मोठी आत्या म्हणून मावशींचा मान, हळदीच्या दिवशी त्यांनी पोचायलाच हवं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणून मी गाडी काढली.

वाटेत शिरूर मागे पडलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "पोराचं कार्य होऊ द्यावं का आधी? हळदीत कशाला..." आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्याकडून "हो" हवं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले. या वेळी मी काहीच सुचवलं नाही. थोड्या वेळानं त्या स्वतःच म्हणाल्या, "न्हाई. पुन्यांदा न्हाई."

मांडव डहाळ्यांचा, खराखुरा. बाया सतरंजीवर, मध्ये पाटावर नवरदेव, उघड्या अंगानं, लाजून बसलेला. एका बाजूला, घराच्या भिंतीलगत, बाजेवर दत्तूदादा. थकलेले, पण नजर शाबूत. "आत्याबाई आल्या, आत्याबाई आल्या!" गलका झाला. एक जाडजूड भाचेसून म्हणाली, "आत्याबाई, आज तोडगा लागायचा न्हाई बघा, सगळं बैजवार हाय." सगळ्या हसल्या. दत्तूदादांच्या दुसऱ्या पत्नीनं, गावात सगळे त्यांना काकू म्हणत, हळदीची वाटी मावशींच्या हातात दिली.

मावशींनी वाटीत बोटं बुडवली आणि थांबल्या. मग डाव्या हातानं कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि तो नवरदेवाच्या पाटाशेजारी ठेवला. पलीकडून रुक्मिणबाईंचं "हालो" आलं.

"वहिनी, मी दादाच्या अंगनात हाय. ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. लग्नघरात वापरायचा तोच आवाज, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जाणारा. खापरीचा तुकडा, दार अडवायची घाई, आपलं ओरडणं, आईचं आणि आपलं गप्प राहणं. त्यांनी स्वतःला कुठेही सूट दिली नाही आणि मरून गेलेल्या आईलाही दिली नाही. म्हाताऱ्या बायकांतल्या दोघीतिघी, ज्यांना ते माप पडलेलं आठवत असणार, मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढायला लागल्या.

"कला, गप बस," दत्तूदादा बाजेवरून म्हणाले. "शुभकार्य हाय. मेलेलं उकरू नको."

"रुक्मिणवहिनी मेली न्हाई दादा. हितं ऐकायलीय."

काकू उभ्या होत्या. मला त्यांची काळजी वाटली, कारण या सगळ्यात त्यांचा काय दोष? त्यांनी मावशींच्या हातातली हळदीची वाटी काढून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "बोला आत्याबाई. मलाबी ऐकायचंय."

दत्तूदादा उठून बसले. "माप पडलं म्हनून कुनी बायको सोडतंय का? येड्यासारखं बोलायलीस. त्याच्यासाटी न्हाई सोडली तिला."

मावशींच्या तोंडाकडे मी बघत होते. इतकी वर्षं त्या ज्या ओझ्याखाली वाकून चालल्या होत्या त्याच्याखाली आणखी काही होतं, हे त्यांना त्या क्षणी कळत होतं. आवाज पाटाशेजारच्या फोनमधून आला. धर्माबादहून, बारीक, खरखरीत.

"इचार त्याला, कला. मग कामून?"

दत्तूदादांनी तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत आडवे झाले.

हळद अर्थातच लागली. काकूंनीच लावली, वाजंत्री सुरू झाली, पंगत बसली. मला जेवायचा आग्रह झाला, मी थोडं जेवले. निघायच्या आधी मी मावशींपाशी गेले. त्या बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या होत्या. बोटांवरची हळद वाळली होती.

"चला मावशी. उशीर होईल."

"तू जा माय. मी हाय हितं."

"किती दिवस?"

"दादा बोलस्तोवर." मग जरा थांबून म्हणाल्या, "ती मला माफ करनार न्हाई. करूबी ने. पर कामून सोडली, तिला हे तरी कळावं."

त्यानंतर माझी त्यांची भेट नाही. मुलानं त्यांना गावाहूनच पुण्याला नेलं, काका मागोमाग गेले, शेजारच्या घरात आता भाडेकरू आहेत. दत्तूदादा बोलले की नाही ते मला माहीत नाही. शीतलला विचारता येईल, पण मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी गाडी वळवताना मी मांडवाच्या डहाळ्यांमधून बघितलं. दत्तूदादा भिंतीकडे तोंड करून पडलेले. मावशींनी फोन उचलून त्यांच्या उशीजवळ, कानाशी धरला होता. दुसऱ्या हातानं त्या मनगटाला आधार देत होत्या. फोन चालू होता.